तुषार आजोबांच्या मेंदूतले राखणदार

तुषार भंगाळे यांचा उजवा हात रिकामा असला की थरथरायचा आणि कामाला लागला की थांबायचा.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते त्यांच्या नातीच्या, कृत्तिकाच्या. कृत्तिका बारा वर्षांची, सातवीत शिकणारी. जळगावच्या नवी पेठेत आजोबांचा कॅरम क्लब होता. तरुणपणी ते राज्य पातळीवर खेळले होते आणि गेली तीस वर्षं मुलांना शिकवत होते. शनिवार-रविवारच्या सामन्यांचे गुण लिहायचं काम कृत्तिकाकडे असे.

साल होतं २०५८. फेब्रुवारीतच पारा चाळिशीला टेकला होता. शाळा सकाळी सहाला भरून दहाला सुटत. मोठ्या रस्त्यांवर सावलीसाठी सौरपत्र्यांची छपरं घातली होती आणि त्यांच्याखालून चालकाशिवाय बसगाड्या धावत. कॅरममध्ये मात्र काहीच बदललं नव्हतं. तोच गुळगुळीत बोर्ड, तीच पावडर, तोच स्ट्रायकर.

समोरच्याची पाळी चालू असली की आजोबांचा उजवा हात मांडीवर पडलेला असे आणि अंगठा तर्जनीवर फिरत राही, कुणी तंबाखू मळावी तसा. त्यांची पाळी आली की तोच हात बोर्डावर जाई, बोट स्ट्रायकरमागे टेकवी आणि अगदी निवांत राही. सोंगटी बरोबर खळग्यात जाई. पाळी संपली, हात मांडीवर आला, की पुन्हा मळणं सुरू. कृत्तिकाने एका सामन्यात चाळीस पाळ्या पाहिल्या. चाळीसही वेळा हेच झालं. तिला याचं नवल वाटलं, कारण तिच्या समजुतीप्रमाणे हात काम करून थकला की थरथरायला हवा होता. इथे सगळंच उलटं होतं.

तिने आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, वय झालं आता. ते तिला पटलं नाही. डावा हातही तेवढ्याच वयाचा होता आणि तो मुळीच थरथरत नव्हता.

तिने आईला सांगितलं. आईने हातातलं काम बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं, मग आपल्या लक्षात आलेल्या गोष्टी एकेक सांगायला लागली. आजोबांचं अक्षर वर्षभरात बारीक होत गेलं होतं. चालताना त्यांचा उजवा हात मागेपुढे हलत नसे, अंगाला चिकटल्यासारखा राही. आणि तीन-चार वर्षांपूर्वी गॅसवर दूध करपून घरभर वास सुटला, तेव्हा शेजारच्याच खोलीत बसलेल्या आजोबांना त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा सगळे हसले होते. आता आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांची वेळ घेतली.

अजिंठ्याच्या रस्त्याला पहूरच्या पुढे एक मेंदू-संशोधन केंद्र होतं. तिथल्या डॉ. सानिया पिंजारी शाळेत असताना तुषार सरांकडेच कॅरम शिकलेल्या. त्या अजूनही त्यांना सर म्हणत. त्यांनी सरांना बोटं भराभर उघडमीट करायला लावली, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, डोळे मिटून लवंग, संत्र्याची साल आणि कॉफी हुंगायला दिली. सरांना तिन्हींतलं काही ओळखता आलं नाही. मग त्या समोर खुर्ची घेऊन बसल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं, "सर, हा कंपवात आहे. पार्किन्सनचा आजार म्हणतात तोच. औषधांनी तुम्हाला बरीच वर्षं चांगलं फिरता येईल. पण आजार थांबवणारं औषध आज माझ्याकडे नाही."

आजोबांनी मान डोलावली आणि जिल्हा स्पर्धा मेमध्ये आहे, तोवर हात चालेल ना, एवढंच विचारलं. चालेल, असं डॉक्टर म्हणाल्या.

सोबत आलेल्या कृत्तिकाचा प्रश्न मात्र तसाच होता. तिने तो डॉक्टरांना विचारला. डॉक्टरांना प्रश्न आवडला असावा, कारण त्यांनी कागद ओढून त्यावर मेंदूचं चित्र काढलं. मेंदूच्या मधल्या भागात, अगदी खोल, दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टी असते. तिला कृष्णद्रव्य (काळ्या रंगाच्या चेतापेशींचा पुंजका) म्हणतात. तिथल्या चेतापेशी (निरोप नेणाऱ्या मेंदूतल्या पेशी) डोपामिन नावाचं रसायन बनवतात. आपण ठरवलेली हालचाल सुरळीत सुरू व्हावी, नको ती हालचाल दबून राहावी, यासाठी हे रसायन लागतं. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. हात थरथरायला लागतो तोवर बहुधा निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

हात रिकामा असतानाच का थरथरतो, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही, हेही त्यांनी कबूल केलं. हालचाल ठरवून केली की मेंदूतले दुसरे मार्ग कामाला लागतात आणि त्या वेळेपुरतं हे थरथरणं दाबून टाकतात, इथपर्यंतच त्यांना सांगता येत होतं.

"पण त्या पेशी मरतात का?" कृत्तिकाने विचारलं. "आणि त्याच का?"

डॉक्टरांनी आजोबांकडे पाहिलं. केंद्रात नुकतंच एक नवं यंत्र आलं होतं आणि आजोबांची तपासणी त्यावर व्हायचीच होती. डॉक्टरांनी त्यांना विचारलं की नातीला तुमच्या मेंदूचं चित्र दाखवलं तर चालेल का. आजोबा म्हणाले, "हिला खुशाल दाखव. मला नको. माझ्या डोक्यात काय चाललंय ते मला बघायचं नाही."

यंत्राचं नाव होतं पेशीदर्शक. रुग्णाला आधी एक इंजेक्शन देत. त्यातले सूक्ष्म कण रक्तातून मेंदूत जात आणि ठरावीक जातीच्या पेशींना जाऊन चिकटत. रुग्णाच्या डोक्याभोवती कडं फिरे, ते या कणांचा ठावठिकाणा टिपे, आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीत मेंदूचं चित्र हवेत उभं राही. हाताने खेचलं की चित्र मोठं होई, इतकं की एकेक पेशी वेगळी दिसे. आणि ते चित्र जिवंत होतं. पलीकडे आजोबा पडून होते आणि इकडे त्यांच्या मेंदूत त्या क्षणी जे चाललं होतं ते दिसत होतं.

कृत्तिकाला आधी निळे ठिपके दिसले, हजारो, मेंदूभर सारख्या अंतरावर पसरलेले. डॉक्टरांनी एक ठिपका मोठा केला. लहानसं अंग आणि त्यातून सगळीकडे फुटलेल्या बारीक फांद्या. फांद्या सारख्या हलत होत्या, पुढे येत, मागे जात, आजूबाजूच्या पेशींना चाचपत.

हे मायक्रोग्लिया (मेंदूतच मुक्काम असलेल्या रक्षक पेशी), डॉक्टरांनी सांगितलं. रोगजंतू अंगात शिरले की त्यांच्याशी लढणारी जी यंत्रणा असते तिला रोगप्रतिकार यंत्रणा म्हणतात. तिच्या बहुतेक पेशी रक्तात फिरतात, पण मेंदूत त्यांना सहजी शिरकाव नसतो. म्हणून मेंदूने आपले राखणदार वेगळे ठेवले आहेत. कचरा उचलणं, जंतू दिसला तर खाणं, कुठे इजा झाली तर धावून जाणं, ही त्यांची कामं.

मग डॉक्टरांनी चित्र मध्यमेंदूकडे सरकवलं. डावीकडच्या काळ्या पट्टीभोवती ठिपके लाल होते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, हे कृत्तिकाला शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे लाल रंग डावीकडे का, हे तिला विचारावं लागलं नाही. डॉक्टरांनी लाल ठिपका मोठा केला. त्याला फांद्या नव्हत्या. तो फुगून गोल झाला होता.

"हे राखणदार चिडलेले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना कोणी चिडवलं ते बघ."

चेतापेशींच्या आत पिवळट गाठी होत्या. चेतापेशींत अल्फा-सायन्युक्लिन नावाचं एक प्रथिन असतं. ते नेहमी मोकळं वावरतं. काही माणसांत ते चुकीची घडी घेतं, एकमेकांना चिकटतं आणि त्याच्या गाठी होतात. आजारी चेतापेशी त्या गाठींचे तुकडे बाहेर टाकते. राखणदार ते उचलतात, पण हे तुकडे त्यांना नीट पचत नाहीत. मग ते सतत सावध राहतात आणि जंतू मारायला वापरायची जहाल रसायनं सोडत राहतात. याला दाह म्हणतात. त्या रसायनांनी शेजारच्या चेतापेशी मरतात, त्यांच्यातून आणखी गाठी बाहेर पडतात आणि राखणदार आणखी चिडतात. रक्तातल्या टी-पेशीही (शत्रू ओळखायला शिकलेल्या लढाऊ पेशी) हळूहळू आत येतात, आणि त्यांतल्या काही तर या प्रथिनालाच परकं समजून बसतात.

"म्हणजे आजोबांची प्रतिकारशक्तीच त्यांचा मेंदू खातेय," कृत्तिका म्हणाली.

डॉक्टर काही बोलणार तोच दार उघडलं. वॉर्डात कुणाला तरी फीट आली होती. डॉक्टर धावत गेल्या, आणि तासभर वाट पाहून कृत्तिका आणि आजोबा साडेचारच्या बसने घरी आले.

मेमधली जिल्हा स्पर्धा पार पडली. औषधं सुरू झाली होती आणि आजोबांचा हात चांगला चालत होता. ज्येष्ठांच्या गटात ते दुसरे आले. उपांत्य फेरीत त्यांनी एकाच पाळीत सात सोंगट्या घेतल्या, तेव्हा कृत्तिकाच्या पेन्सिलीने कागद फाटला. घरात सगळ्यांना वाटू लागलं की आजार आहे, पण त्याच्याबरोबर राहता येईल.

जूनमध्ये पालिकेच्या दवाखान्यातून निरोप आला. साठीच्या पुढच्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी. आईने आजोबांना वेळ ठरवून दिली आणि कृत्तिकाला सोबत जायला सांगितलं.

वाटेत कृत्तिकाने विचार केला. लस म्हणजे काय, हे तिला पाठ होतं. लस शरीरातल्या रक्षक पेशींना शत्रूची ओळख करून देते आणि त्यांना तयार ठेवते. म्हणजे लस घेतली की प्रतिकारशक्ती वाढते. आणि आजोबांच्या डोक्यात तर प्रतिकारशक्तीनेच घोळ घातला होता. चिडलेल्यांना आणखी चिडवायला कशाला जायचं? तिने हे सगळं आजोबांना पायरीपायरीने समजावून सांगितलं, कृष्णद्रव्यापासून टी-पेशींपर्यंत. आजोबांना ते स्वच्छ कळलं. नात इतकं नीट समजावते याचा त्यांना अभिमानही वाटला. दवाखान्याच्या फाटकाशी ते क्षणभर थांबले आणि दोघं परत फिरले. वाटेत उसाचा रस प्यायले. घरी आल्यावर आईने विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, झालं ते काम.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात क्लबमधल्या दोन मुलांना ताप आला. चौथ्या दिवशी आजोबांना आला. फ्लूच होता. पहिले दोन दिवस नुसता ताप आणि अंगदुखी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आई त्यांना कूस बदलायला सांगत होती आणि त्यांना ती बदलता येत नव्हती. अंग लाकडासारखं ताठलं होतं. डाव्या हातालाही कंप सुटला होता. भाताची पेज घशात अडकली आणि ते बराच वेळ खोकत राहिले. रोजच्या गोळ्या त्यांनी वेळेवर घेतल्या होत्या, पण त्यांचा गुण येईनासा झाला होता. संध्याकाळच्या आत त्यांना रुग्णालयात दाखल केलं.

बाबा धुळ्याच्या सौरप्रकल्पावर कामाला असत. ते लगेच निघाले. आई रुग्णालयाच्या बाकावर बसून सगळ्यांना सांगत होती की लस घेतली होती, तरी असं कसं झालं. कृत्तिका शेजारीच होती. तिने तीन वेळा हे वाक्य ऐकलं. चौथ्यांदा आई तेच फोनवर सांगू लागली तेव्हा ती म्हणाली, "आई, नाही घेतली. मीच नको म्हटलं होतं."

आईने फोन ठेवला. ती रागावेल असं कृत्तिकाला वाटलं होतं. पण आई उठून पाण्याच्या टाकीपाशी गेली, पाणी न पिता परत आली आणि पुन्हा बसली. ते कृत्तिकाला रागावण्यापेक्षा जड गेलं.

आठ दिवसांनी ताप उतरला. आजोबांना घरी सोडायच्या आधी डॉ. सानियांनी त्यांना केंद्रात बोलावून पुन्हा पेशीदर्शकात तपासलं. कृत्तिका आत जायला तयार नव्हती. आजोबा चाकाच्या खुर्चीत होते, बोलणं हळू झालं होतं. त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि पुढे म्हणाले, "पोरीला बोल लावू नकोस. सुईला मी लहानपणापासून भितो. हिने मला फक्त एक चांगलं कारण दिलं. आणि सुनेशी खोटं बोललो तो मी."

डॉक्टर कृत्तिकाकडे वळल्या. "चूक माझीही आहे. तू एक वाक्य बोललीस आणि ते अर्धंच बरोबर होतं. मला ते तेव्हाच दुरुस्त करायला हवं होतं. परत येऊन तुला फोनही केला नाही मी. चल, उरलेलं बघू."

अंधाऱ्या खोलीत चित्र उभं राहिलं. या वेळी लाल ठिपके दोन्ही बाजूंना होते आणि पुष्कळ दूरवर पसरले होते. कृत्तिकाला ते बघवेना, पण तिने नजर हलवली नाही.

डॉक्टरांनी सावकाश सांगायला घेतलं. फ्लूचे विषाणू आजोबांच्या नाकात, घशात आणि छातीत होते. मेंदूत ते गेलेच नव्हते. पण छातीत लढाई सुरू झाली की तिथल्या पेशी रक्तात धोक्याची रसायनं सोडतात आणि त्यांची खबर मेंदूपर्यंत जाते. निरोगी माणसाच्या मेंदूतले राखणदारही ही खबर ऐकून जागे होतात. म्हणून तापात आपल्याला झोप येते, जेवावंसं वाटत नाही. ताप गेला की ते निवतात. आजोबांचे राखणदार मात्र आधीपासूनच चिडलेले होते. त्यांच्यासाठी ही खबर भडक्यावर तेल पडल्यासारखी झाली.

"मग लस घेतली असती तर?" कृत्तिकाने विचारलं. "तीही त्यांना जागंच करते ना?"

"करते. एक-दोन दिवस, थोडंसं. दंड दुखतो, अंग कसकसतं, संपलं. त्यात काही जळत नाही. त्यातून रक्तातल्या पेशी जे शिकतात त्याने पुढची लढाई लवकर आटोपते. फ्लू आठ दिवस चालला, तो कदाचित दोन दिवसांत संपला असता. कदाचित झालाच नसता. खात्री कुणी देणार नाही, पण शक्यता मोठी होती."

कृत्तिकाने दुसरा प्रश्न विचारला, जो तिला गेले आठ दिवस छळत होता. हे राखणदार मेंदूतून काढूनच टाकले तर?

डॉक्टरांनी चित्रात बराच वेळ शोधून काळ्या पट्टीच्या कडेचा एक कोपरा मोठा केला. तिथे एक गोल, फुगलेला राखणदार होता आणि त्याच्या पोटात पिवळ्या गाठीचे तुकडे ठासून भरलेले होते. त्याला ते पचत नव्हते हे उघड दिसत होतं. पण त्याच्या अंगातून एक केसापेक्षा बारीक नळी निघाली होती आणि शेजारच्या राखणदाराला जाऊन भिडली होती. पाहता पाहता एक पिवळा तुकडा नळीतून सरकत शेजाऱ्याकडे गेला. काही वेळाने त्याच नळीतून उलट दिशेने दोन हिरवे ठिपके आले. ती मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्या आतले सूक्ष्म भाग) होती. शेजाऱ्याने ओझं वाटून घेतलं होतं आणि दमलेल्याला शिदोरी पाठवली होती.

"हे असंच चालू असतं," डॉक्टर म्हणाल्या. "ज्या चेतापेशी वाचल्यात त्यांतल्या कितीतरी यांच्यामुळे वाचल्यात. राखणदार नसते तर गाठी साचून मेंदू केव्हाच भरला असता. आणि रक्तातले राखणदार नसते तर तुझे आजोबा परवाच्या तापातून उठले नसते."

"पण मारतातही तेच."

"हो. दोन्ही खरं आहे. तुला हे एकाच वेळी डोक्यात ठेवता आलं पाहिजे. मोठ्या माणसांनाही ते जड जातं. आम्ही शास्त्रज्ञांनीही कित्येक वर्षं नुसता दाह दाबायची औषधं करून पाहिली, त्याने फारसं हाती लागलं नाही. आता आम्ही विचारतो की काम झाल्यावर हे निवत का नाहीत."

ज्या टी-पेशी मेंदूत शिरून गोंधळ वाढवतात त्यांच्याच कुळातल्या काही पेशी नेमकं उलट काम करतात, हे त्यांनी सांगितलं. त्यांना नियामक टी-पेशी (लढाई थांबवायला सांगणाऱ्या पेशी) म्हणतात. लढाई संपली की इतरांना शांत करणं हे त्यांचं काम. कंपवाताच्या बऱ्याच रुग्णांत त्या कमी पडतात किंवा त्यांचा वचक राहत नाही. केंद्रात एका नव्या औषधाची चाचणी सुरू होणार होती. त्या औषधाने कुणी मरणार नव्हतं, ना राखणदार ना टी-पेशी. त्याने नियामक पेशी वाढाव्यात आणि राखणदारांची गाठी पचवायची ताकद सुधारावी, एवढीच अपेक्षा होती.

परत जाताना आजोबांनी त्या चाचणीची माहिती मागितली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दोनशे माणसं घेणार होते. शंभर जणांना औषध आणि शंभर जणांना तसंच दिसणारं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे दीड वर्ष रुग्णालाही कळणार नव्हतं आणि डॉक्टरांनाही. नाहीतर आशेनेच बरं वाटतं आणि औषधाची खरी किंमत कळत नाही. शिवाय महिन्याला एक इंजेक्शन, दर वेळी, न चुकता.

"म्हणजे अठरा सुया," आजोबा म्हणाले, "आणि कदाचित सगळ्या पाण्याच्या."

"हो सर."

आजोबांनी संमतीपत्र घरी नेलं. चार दिवस ते टेबलावर पडून होतं. त्या चार दिवसांत ते क्लबमध्ये गेले, पण खेळले नाहीत. आजारपणात गेलेलं सगळं परत आलं नव्हतं. चालता येत होतं, घास गिळता येत होता. उजव्या हाताचा नेम मात्र पूर्वीचा राहिला नव्हता, पाळीच्या वेळीही आता तो किंचित हलत होता. हे कृत्तिकाच्या लक्षात आलं आणि आजोबांना ते आधीच माहीत होतं. दोघं त्यावर एकदाच बोलले. ती म्हणाली, माझ्यामुळे. ते म्हणाले, थोडं तुझ्यामुळे, थोडं माझ्यामुळे, बरंचसं आजारामुळे, आणि याच्यापेक्षा बारीक हिशेब मला जमत नाही. पाचव्या दिवशी त्यांनी सही केली. सही अगदी बारीक आली. ती वाचता येत नाही म्हणून केंद्राने दुसरा कागद पाठवला, त्यावर त्यांनी पुन्हा केली.

वर्ष गेलं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कृत्तिका आजोबांबरोबर केंद्रात जाई. इंजेक्शनच्या वेळी ते तिचा हात धरत आणि भिंतीकडे बघत. क्लबमध्ये त्यांनी शिकवणं चालू ठेवलं, हाताने दाखवण्याऐवजी तोंडी सांगून. मुलांच्या म्हणण्याप्रमाणे ते आता पूर्वीपेक्षा नीट समजावत. त्यांचा आजार या वर्षात फारसा वाढला नव्हता. पण असं काही रुग्णांत औषधाशिवायही होतं, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, आणि कृत्तिकानेही आता लगेच निष्कर्ष काढायचं सोडलं होतं. वहीत ती दोन रकाने करी. एकात काय दिसलं ते, दुसऱ्यात त्याची जितकी कारणं असू शकतात तितकी.

बाराव्या महिन्यात पेशीदर्शकाची तपासणी ठरली. या वेळी यंत्रात सुधारणा झाली होती. डोक्याभोवतालचं कडं टोपीएवढं लहान झालं होतं आणि रुग्णाला झोपून राहावं लागत नव्हतं. टोपी घालून तो त्याच खोलीत बसू शकत होता. डॉक्टरांनी आजोबांना विचारलं, की तुम्हाला चित्राकडे पाठ करून बसवू का.

आजोबांनी थोडा विचार केला. "नको. बघू दे एकदा."

दिवा मालवला. आजोबांच्या समोर त्यांचा स्वतःचा मेंदू उभा राहिला, डोक्याच्या तिप्पट मोठा, निळ्या ठिपक्यांनी भरलेला. त्यांनी निळे कोण आणि लाल कोण ते विचारलं, आणि कृत्तिकाने सांगितलं. डॉक्टर मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना मध्ये बोलावं लागलं नाही.

उजवीकडचा लाल रंग कमी झाला होता. डावीकडे तो जवळपास तसाच होता. डॉक्टरांनी आकडे लिहून घेतले आणि आपलं मत काही सांगितलं नाही.

"इतकी वर्षं राबतायत माझ्या डोक्यात," आजोबा म्हणाले, "आणि मी एकदाही चौकशी केली नाही."

कृत्तिकाने डावीकडचा एक कोपरा मोठा केला. तिथे एक गोल राखणदार होता. त्याच्या पोटात पिवळं काही उरलं नव्हतं, फक्त रंग अजून लालसर होता. तिला विचारायचं होतं की हात थरथरायच्या आधीच, वीस वर्षं आधी, हे लाल ठिपके शोधता येतील का. तिने ते विचारलंही. डॉक्टर म्हणाल्या की त्यासाठी हजारो निरोगी माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहावं लागेल, ते काम पुढच्या वर्षी सुरू होणार आहे, आणि ते संपेल तेव्हा कृत्तिका तिशीच्या पुढे गेलेली असेल. तोवर नवी माणसं लागतीलच. कृत्तिकाने वहीत तेही लिहिलं.

"ते बघ," आजोबा हळूच म्हणाले.

त्या गोल राखणदाराच्या अंगातून काहीतरी बाहेर येत होतं. बारीक, एखाद्या तंतूएवढं. ते थोडं पुढे आलं, थांबलं, मग वळून शेजारच्या चेतापेशीला टेकलं. तिला त्याने चाचपलं आणि तसंच राहू दिलं. फांदी होती ती. फुगलेल्या राखणदाराला फांदी फुटत होती.

डॉक्टर पुढे आल्या. एका पेशीवरून काही सिद्ध होत नाही, त्या म्हणाल्या. पण त्यांनी दिवा लावला नाही.

तिघंही तिथेच थांबले. सुमारे दहा मिनिटांनी दुसरी फांदी फुटली. कृत्तिकाने घड्याळात पाहून वेळ लिहिली, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, आणि पुढची कधी येते ते पाहायला पुन्हा मान वर केली.